लांब पल्ला चालणारे टूथब्रशची दांडी का कापतात?

अमेरिकेतील जंगलवाटांवर चार-पाच महिने सलग चालणारी काही माणसे घरातून निघण्यापूर्वी टूथब्रशची दांडी करवतीने अर्धी कापतात, ही गोष्ट मोबाईलवरच्या चित्रफितींमुळे आता बेळगावच्या कॉलेजातील मुलांनाही ठाऊक झाली आहे, आणि ती ऐकल्यावर बहुतेकांना हसू येते. मात्र याच मुलांच्या घरातील आजी कार्तिकीला दिंडीबरोबर पंढरपूरला पायी निघते, तेव्हा तीही पिशवीत सुई-दोरा न विसरता ठेवते, रात्री मुक्कामावर टाचांना खोबरेल तेल चोळते आणि पहाटे उजवे पाऊलच आधी टाकते. तिला कोणी हसत नाही, कारण ते लहानपणापासून पाहिलेले असते.

या दोन्ही प्रकारच्या चालणाऱ्यांच्या सवयी एकत्र ठेवून पाहिल्या की लक्षात येते की त्यांतील काही शरीरासाठी असतात, काही मनासाठी असतात आणि काही केवळ सोबतीच्या माणसांसाठी असतात. अडचण इतकीच की बाहेरून त्या सगळ्या सारख्याच दिसतात, आणि पुष्कळदा खुद्द चालणाऱ्यालाही आपली कोणती सवय कोणत्या कामाची आहे हे सांगता येत नाही. आमच्या गल्लीत सत्तरी ओलांडलेले एक काका आहेत. त्यांच्याबरोबर जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला चालण्याचा योग मला अनेकदा आला आहे, आणि या लेखातील बरेचसे प्रश्न त्यांच्या मागून चालतानाच पडलेले आहेत.

लांब पल्ला म्हणजे किती?

रविवारी सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येणे हे चालणेच आहे, पण येथे ज्या चालण्याविषयी बोलायचे आहे ते निराळे. अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलाचियन ट्रेल ही वाट जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. ती एकाच हंगामात सलग चालण्याला तिकडे थ्रू-हायकिंग म्हणतात, आणि तसे निघणाऱ्या चारांपैकी जेमतेम एक जण शेवटपर्यंत पोहोचतो. जपानमधील शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांची परिक्रमा सुमारे १,२०० किलोमीटरांची आहे. फ्रान्सच्या सीमेवरून निघून स्पेनमधील सांतियागो येथे संपणारी ख्रिस्ती यात्रेकरूंची प्रसिद्ध वाट आठशे किलोमीटरांच्या आसपास भरते.

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून निघणाऱ्या दिंड्या पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरांच्या आसपास चालतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाड्यांबरोबर पायी जाणारे वेगळे, आणि पाडव्याच्या सुमारास मल्लय्याची, म्हणजे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाची, कावडीसारखी कंबी खांद्यावर घेऊन पाचशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या श्रीशैलला निघणारे कन्नड भाविक वेगळे. त्यांच्यापैकी काही जण तर लाकडी उंच पायांवर चढून वाटचाल करतात, ज्यांच्यापुढे कापलेला टूथब्रश म्हणजे काहीच नव्हे.

अडीचशे किलोमीटर म्हणजे साधारण पावणेचार लाख पावले होतात. एखादी चूक दिवसातून एकदा झाली तर ती चूकच राहते, पण तीच चूक पावणेचार लाख वेळा झाली तर तिची जखम होते. लांब चालणाऱ्यांच्या बऱ्याचशा विचित्र सवयी या साध्या गुणाकारातून निघालेल्या आहेत.

ओझे पाठीवर आणि ओझे पायात

टूथब्रशची अर्धी दांडी कापून वाचतात ते सात-आठ ग्रॅम, आणि त्याने पाठीला काही फरक पडत नाही हे कापणाऱ्यालाही माहीत असते. तरीही तो ती कापतो, कारण ती कापण्याच्या निमित्ताने तो पिशवीतील प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायला शिकतो, की तुझे नेमके काम काय? जो माणूस दांडीबद्दल इतका काटेकोर झाला, तो जास्तीचा टॉवेल आणि तिसरी पँट आपोआप घरी ठेवतो, आणि तेथे मात्र किलोचा हिशेब होतो. अन्न-पाणी वगळून पिशवीचे जे वजन उरते ते साडेचार किलोंच्या आत ठेवणारे हलके प्रवासी या मंडळींमध्ये मानाचे समजले जातात.

या काटेकोरपणाची सर्वांत ठळक आजी म्हणून एमा गेटवुड यांचे नाव घेतात. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी ॲपलाचियनची संपूर्ण वाट एकटीने चालून काढली आणि तसे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या पायात साधे कापडी बूट होते, खांद्यावर स्वतः शिवलेली एक पिशवी होती, आणि पावसासाठी त्यांनी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा घेतला होता. आपल्याकडच्या वारकरी आजीला यात नवल वाटण्यासारखे काही नाही, कारण तिची पडशीही अशीच असते.

पायातील वजनाचे गणित मात्र याहून निराळे आहे. पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन चालणे आणि तीच कळशी हातात धरून पुढे-मागे झुलवत चालणे यांत जो फरक आहे, तोच पाठीवरच्या आणि पायातल्या ओझ्यात आहे. पायातील वजन प्रत्येक पावलाला उचलावे, पुढे फेकावे आणि थांबवावे लागते, म्हणून ते पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट महाग पडते. जड बूट टाकून हलके बूट, किंवा जुने वारकरी करतात तसे चपलाच घालून चालण्याची सवय त्यामुळे निव्वळ लहरीपणाची म्हणता येत नाही.

खाण्याच्या बाबतीत आपला सीमाभाग नशीबवान आहे. थोड्या वजनात भरपूर शक्ती देणारा आणि लवकर न बिघडणारा खाऊ शोधण्यासाठी तिकडचे चालणारे दुकाने पालथी घालतात, तर आपल्याकडे गूळ, डिंक आणि सुकामेवा यांचे गोकाकचे करदंट पिढ्यानपिढ्या तेच काम करत आले आहे. बेळगावचा कुंदा कितीही प्रिय असला तरी तो दुधाचा असल्याने या शर्यतीत मागे राहतो.

भाकरीचा पापुद्रा आणि पायाचा फोड

चालणाऱ्यांचे सर्वाधिक विधी पायांभोवतीच असतात, आणि त्याचे कारण फोड कसा येतो हे समजले की आपोआप कळते. पुष्कळांना वाटते की बूट कातडीवर घासल्याने फोड येतो. प्रत्यक्षात वरची कातडी मोज्याला चिकटून जागीच राहते आणि आतले हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकते, त्यामुळे कातडीच्या थरांमध्येच ओढाताण होऊन एक थर दुसऱ्यापासून सुटतो. भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकल्यावर तिचा पापुद्रा जसा सुटतो आणि मधली पोकळी वाफेने भरते, तसाच हा पापुद्रा सुटतो, फक्त मधल्या पोकळीत वाफेऐवजी पाणी भरते. कातडी दमट असली की ती मोज्याला अधिक घट्ट चिकटते, आणि म्हणून घामट पाय हा फोडाचा सर्वांत मोठा मित्र आहे.

आता काकांची एक सवय पाहू. ते साधारण दर दोन तासांनी, फोड असो वा नसो, थांबतात, दोन्ही मोजे काढतात, पाय पंचाने पुसतात, बोटांच्या बेचक्यांत हवा लागू देतात आणि मोजे उलटे करून पुन्हा चढवतात, तेही आधी डावा आणि मग उजवा याच क्रमाने. पहिल्यांदा मी हे पाहिले तेव्हा मला ते सोवळ्या-ओवळ्याइतकेच अनाकलनीय वाटले होते. मी उभाच राहिलो, तर ते म्हणाले, “काय बघूलालास? तुझे पाय बघ आधी.” पाय पुसणे आणि वारा देणे हे शरीराचे काम आहे, कारण त्याने दमटपणा जातो. मोजे उलटे केल्याने शिवण आणि चुण्या वेगळ्या जागी येतात, तेव्हा तेही बहुधा उपयोगाचेच. डावा-उजवा हा क्रम मात्र कातडीच्या दृष्टीने निरर्थक आहे. तरी तो क्रम आहे म्हणूनच दमल्या-भागल्या अवस्थेतही एकही पायरी सुटत नाही, जसे रोज एकाच क्रमाने कुलूप, गॅस आणि पंखा पाहणाऱ्या माणसाला स्टेशनवर पोहोचल्यावर गॅसची आठवण होऊन घाम फुटत नाही.

सुई-दोऱ्याचे मात्र वेगळे आहे. फोडातून सुईने दोरा ओवायचा आणि तो तसाच आत ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहते, ही युक्ती आपल्या वाटांवर ऐकू येते आणि स्पेनमधील यात्रेकरूंमध्येही चालते. पाणी झिरपते हे खरे आहे, पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याची घाण आणि जंतूही आत शिरतात, म्हणून डॉक्टर दोरा ठेवू नका असेच सांगतात. लहान फोड न फोडता झाकावा. मोठा आणि दुखरा फोड फोडावाच लागला तर निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून, वरची कातडी न काढता, पट्टी बांधावी. मधुमेह असलेल्यांनी तर हा प्रयोग स्वतः करूच नये.

निपाणीचा तंबाखू आणि जंगलातील काठी

खानापूर तालुक्यातील जंगलांत पावसाळ्यात जळवांची संख्या इतकी असते की थांबून बुटाची नाडी बांधेपर्यंत दोन-चार चढलेल्या असतात. जळू आपल्या लाळेतून रक्त गोठू न देणारे एक द्रव्य सोडते, त्यामुळे ती गळून पडल्यानंतरही बराच वेळ रक्त वाहत राहते आणि नवखा माणूस घाबरतो. यावर जुन्या माणसांचा उपाय म्हणजे तंबाखू भिजवून त्या पाण्याचा हात घोट्यांवर फिरवणे, आणि निपाणी जवळ असल्याने तंबाखूची वानवा नाही. निकोटिन जळवांना सहन होत नाही, तेव्हा उपाय पोकळ नाही. पण कणकुंबीचा पाऊस तो थोड्याच वेळात धुऊन टाकतो, आणि ओल्या तंबाखूतील निकोटिन माणसाच्या कातडीतूनही आत जाते. ओल्या पानांत काम करणाऱ्या तंबाखूच्या शेतमजुरांना जी मळमळ आणि चक्कर येते तिचे कारण हेच आहे. गुडघ्यापर्यंत बांधायचे घट्ट विणीचे जळूमोजे याहून बरे.

काठी आपटत चालण्याचे कारणही असेच अर्धे विसरले गेले आहे. या जंगलांत अस्वले आहेत, आणि वारूळ उकरण्यात गुंग असलेले अस्वल माणूस अगदी जवळ येईपर्यंत दखल घेत नाही. मग अचानक समोरासमोर आल्यावर पळण्याऐवजी अंगावर येते. काठीचा आवाज, मोठ्याने बोलणे किंवा अभंग म्हणणे यांनी त्याला आधीच सूचना मिळते. सापालाही जमिनीचे हादरे कळतात. आमचे काका मात्र काठी आपटण्याचे कारण विचारल्यावर “चालायची असली की आपटायचीच” एवढेच सांगतात. उपयोगी सवय तिचे कारण विसरल्यावरही टिकते, आणि नेमक्या याच कारणाने निरुपयोगी सवयही टिकते.

चालता चालता नवे नाव

ॲपलाचियनवर निघालेल्या माणसाला थोड्याच दिवसांत सोबतचे लोक एखाद्या फजितीवरून नवे नाव देतात आणि पुढचे काही महिने तो त्याच नावाने ओळखला जातो. आपल्या गल्ल्यांतून टोपणनावे पडतात तशीच ही तऱ्हा असली तरी तिचा एक उपयोग आहे. डॉक्टर, वकील आणि बेकार तरुण हे तिघेही एकाच पडवीत झोपणार असतील, तर हुद्दे घरी राहिलेले बरे. वारीने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला आहे. तेथे प्रत्येकाला वेगळे नाव न देता सगळ्यांना एकच नाव दिले जाते, ‘माउली’, आणि पाणी देणाऱ्यापासून वाट विचारणाऱ्यापर्यंत सर्व जण माउलीच असतात. मला वारीचा मार्ग अधिक चतुर वाटतो, कारण लक्षात ठेवायला एकच नाव पुरते.

न चालण्याच्या दिवसाला तिकडे ‘झीरो डे’, म्हणजे शून्य किलोमीटरांचा दिवस, म्हणतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा पुण्यात आणि सासवडला अधिकचा मुक्काम असतो, तो हाच. ॲपलाचियनच्या मध्याजवळ पेनसिल्व्हेनियात एका दुकानापाशी जवळपास दोन लिटर आईस्क्रीम एका बैठकीत संपवण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागे पोरकटपणा आहेच, पण रोज चार-पाच हजार कॅलरी जाळून तेवढ्या न खाणाऱ्या शरीराची भूकही आहे.

पुलावर काय होते?

आता मनाच्या विधींकडे येऊ. काका कोणताही पूल आला की त्यावर पाय ठेवण्यापूर्वी काठी दोनदा आपटतात. शिकोकूच्या यात्रेत याच्या नेमके उलट आहे. तेथील परंपरेचे प्रवर्तक कोबो दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते अशी कथा असल्याने, त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून यात्रेकरू पुलावर काठी टेकत नाहीत. मुक्कामावर पोहोचल्यावर स्वतःच्या पायांआधी काठीचे टोक धुतात, कारण काठी हेच दाइशींचे रूप मानलेले आहे. एक जण काठी आपटतो आणि दुसरा उचलून धरतो, तेव्हा पुलाला त्याने काही फरक पडत असेल हे शक्य नाही. दोघांचेही लक्ष पुलाकडे जाते, एवढेच त्यांच्यात समान आहे.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळील ट्रोब्रिआंड बेटांवर राहिले होते. तेथील कोळी शांत खाडीत मासे धरताना कोणताही मंत्र-तंत्र करत नसत, पण खुल्या समुद्रात जाताना विस्तृत विधी करत, असे त्यांनी नोंदवले. आपल्याकडे याचे उदाहरण चोर्ला घाटात दिसते. शहरातल्या शहरात मालाची ने-आण करणारा ट्रकचालक ज्या देवाकडे पाहतही नाही, त्याच देवापुढे घाट उतरण्यापूर्वी तो गाडी थांबवून नारळ ठेवतो. जेथे परिणाम आपल्या हातात नसतो तेथे माणूस काहीतरी ठरलेले करतो, आणि ते केल्याने निदान हात थरथरायचे थांबतात. घाटाच्या तोंडावर वाटसरूने एखादा दगड किंवा पाल्याची डहाळी ठेवून पुढे जाणे, किंवा स्पेनच्या वाटेवर लोखंडी क्रुसाच्या पायथ्याशी घरून आणलेला दगड टाकणे, ही याच जातीची कामे आहेत.

‘मग ही अंधश्रद्धाच नव्हे का?’

हा आक्षेप रास्त आहे. १९४८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांना, ती काहीही करोत, दर १५ सेकंदांनी दाणे मिळतील अशी व्यवस्था केली. आठांपैकी सहा कबुतरांनी आपापली एक ठरावीक हालचाल पक्की केली. एक गोल फिरू लागले, दुसरे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोके खुपसू लागले. १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग या संशोधकांनी हाच प्रयोग बारकाईने पाहून दाखवले की त्यांतील बऱ्याच हालचाली दाण्याची वाट पाहणाऱ्या पक्ष्याच्या उपजत हालचाली होत्या. तरी योगायोगाला कारण समजण्याची खोड आपल्याला आहे हे कोणताही क्रिकेटप्रेमी कबूल करील.

कायद्याचे म्हणाल तर महाराष्ट्राचा २०१३ चा आणि कर्नाटकाचा २०१७ चा, असे दोन्ही जादूटोणाविरोधी कायदे अमानुष आणि फसवणुकीच्या प्रथांवर रोख धरतात; यात्रा-परिक्रमांना त्यांनी हात लावलेला नाही. पुलावर काठी आपटणाऱ्याने कोणाला इजा केली नाही आणि पैसेही घेतले नाहीत. प्रश्न उरतो तो त्याच्या स्वतःच्या सुरक्षिततेचा.

‘वारी आणि हौसेची भटकंती एका मापाने मोजायची?’

काही वाचकांना ही तुलनाच खटकेल, आणि हेतूच्या बाबतीत ते बरोबर आहेत. वारकरी चालण्यासाठी चालत नाही, तो विठोबाला भेटायला जातो, आणि ही गोष्ट कोणत्याही विक्रमाच्या वहीत बसत नाही. मात्र टाचेला कोण कशासाठी चालले आहे हे कळत नाही. ज्ञानबा-तुकारामच्या गजरात टाळाच्या ठेक्यावर पडणारे पाऊल हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. भजनाचा हेतू भक्ती हाच आहे, पण त्याच ठेक्यामुळे पहाटे ताजेतवाने असताना धावत सुटण्याची आणि दुपारी बसकण मारण्याची नवख्याची चूक दिंडीत होत नाही. म्हातारा आणि तरुण एकाच चालीने जातात. तिकडचा एकटा चालणारा हेच साधण्यासाठी पावले मोजतो किंवा मनात एकच ओळ घोळवतो.

सवय कधी अंगावर येते?

हे मी स्वतःच्या पायांवर शिकलो. माझे राखाडी रंगाचे एक मोजे होते, जे घातले की चाल चांगली होते असा माझा समज झाला होता. एका सप्टेंबरात आम्ही जांबोटीहून कणकुंबीकडे निघालो, तेव्हा आदल्या दिवशीच्या पावसात भिजलेले तेच मोजे मी पिळून पुन्हा घातले, पिशवीत कोरडा जोड असूनही. वाटेतल्या आमटे गावाच्या अलीकडेच डावी टाच चुरचुरू लागली होती. काका दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा मी, “अहो काका, हे मोजे कधी दगा देत नाहीत,” म्हणून उभाच राहिलो. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी पोहोचून मोजा काढला तेव्हा टाचेचा रुपयाएवढा पापुद्रा मोज्याबरोबरच निघून आला, आणि खाली जी लाल जागा उरली ती पुढचे बारा दिवस मला चपलाही घालू देत नव्हती.

काकांचा क्रम त्यांना पायांकडे पाहायला लावत होता. माझे मोजे मला पायांकडे न पाहण्याची सबब देत होते. एखादी सवय ठेवावी की सोडावी हे ठरवायचे असेल तर जवळच्या, सुरक्षित वाटेवर, येळ्ळूर किंवा किणयेच्या बाजूला, एका वेळी एकच सवय मुद्दाम मोडून पाहावी आणि काय बिघडते ते पाहावे. काकांनी माझ्या आग्रहावरून गेल्या पावसाळ्यात तंबाखू सोडून जळूमोजे घातले, आणि ते आता त्यांचीच कल्पना असल्यासारखे सर्वांना सांगतात. पुलावरची काठी सोडून पाहा, असेही मी सुचवले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पुलाखालून गढूळ होऊन वाहणाऱ्या मलप्रभेकडे पाहिले, कठड्याचा निखळलेला एक दगड काठीच्या टोकाने मला दाखवला, आणि मग काठी दोनदा आपटून पुढे चालू लागले.